बहादूर (चित्रकथा)

‘इंद्रजाल कॉमिक्स’ या मुंबईहून निघणाऱ्या मालिकेतील भारतीय साहसकथा आणि तिचा नायक. निर्माते लेखक-चित्रकार आबिद सुरती (जन्म १९३५). चित्रकार गोविंद ब्राह्मणिया. पहिली कथा डिसेंबर १९७६ मध्ये प्रसिद्ध झाली.

पार्श्वभूमी : साहसी चित्रकथेचे पालनपोषण अनेक देशांत वृत्तपत्रांनी केले. बेल्जियममध्ये एर्जे (जॉर्ज रेमी, १९०७–८३) यांचा वार्ताहर-नायक टिनटिन १० जानेवारी १९२९ रोजी एका दैनिकाच्या बालपुरवणीत अवतरला. मुंबईतही या प्रकाराला वृत्तपत्रसंस्थेनेच आश्रय दिला. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल’ मालिका सुरू केली. ली फॉक यांचा वेताळ हा तिचा पहिला नायक. त्यामागून मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी आले. मराठी, हिंदी, इंग्रजी आणि इतर भाषांत हे अंक निघत. नायक मात्र सगळे परदेशी होते.

निर्मिती : ही उणीव बहादूरने भरून काढली. सुरती यांचे शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत झाले. टाइम्स समूहाच्याच ‘धर्मयुग’ या हिंदी साप्ताहिकातील त्यांची ‘ढब्बूजी’ ही व्यंगचित्रमालिका घरोघरी पोहोचली होती. लेखणी आणि कुंचला दोन्ही हाताशी असल्याने प्रसंग चौकटीत कसा बसेल, याची त्यांना पक्की जाण होती. नव्या नायकासाठी त्यांनी चंबळच्या खोऱ्यातील दरोडेखोरीचा ज्वलंत विषय निवडला. एप्रिल १९७२ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने तेथील अनेक डाकूंनी शस्त्रे खाली ठेवली होती. त्यामुळे हा प्रश्न लोकांच्या चांगल्याच परिचयाचा होता. ‘इंद्रजाल’ची मुखपृष्ठे रंगवणारे ब्राह्मणिया यांनी या कथेतील माणसांना आणि मुलखाला रूप दिले. नंतरच्या काळात जगजित उप्पल यांनीही बहादूरच्या कथा लिहिल्या.

कथासूत्र : बहादूर हा पोलिसांशी झालेल्या चकमकीत मारल्या गेलेल्या डाकूचा मुलगा. सूड उगवण्याची आग त्याच्या मनात असते. पण बापाच्या कृत्यांचे खरे रूप कळल्यावर तो मार्ग बदलतो. जयगढ येथे तो नागरिकांचे सुरक्षा दल उभारतो आणि डाकूंशी मुकाबला करतो. पोलीस अधिकारी विशाल आणि सहकारी बेला या त्याच्या सोबतच्या महत्त्वाच्या व्यक्तिरेखा. बेला स्वतः लढण्यात तरबेज आहे. सुटकेची वाट पाहत बसणारी नायिका ती नव्हे. भगवा कुर्ता आणि जीन्स हा बहादूरचा ओळखीचा वेश.

वैशिष्ट्ये : बहादूरला मुखवटा नाही, पिढीजात दंतकथेचे वलय नाही, जादूही येत नाही. वेताळाच्या कथांत जंगलातील टोळ्या एका रक्षकाच्या भरवशावर असतात. जयगढमध्ये गावकरी स्वतः संघटित होतात. संरक्षण ही नागरिकांनी मिळून पेलायची जबाबदारी आहे, हा विचार येथे उपदेशातून न येता कथेच्या रचनेतूनच येतो. गुन्हेगाराच्या मुलाला बापाच्या वाटेने जाण्याचे बंधन नसते, ही दुसरी मोलाची गोष्टही लहान वाचकाला याच कथेतून सहज उमगते.

उत्तरकाळ : ‘इंद्रजाल’चे प्रकाशन १९९० मध्ये थांबले, तोवर ८०० हून अधिक अंक निघाले होते. सुरती यांनी पुढे ठाणे जिल्ह्यातील मीरा रोड येथे २००७ पासून प्लंबरला सोबत घेऊन घरोघरचे गळके नळ विनामूल्य दुरुस्त करण्याचे काम हाती घेतले.

अनुवादित नायकांच्या गर्दीत आपल्या मातीतला, आजच्या काळातला आणि माणसाएवढ्याच ताकदीचा नायकही तितक्याच आवडीने वाचला जातो, हे बहादूरने दाखवून दिले. भारतीय साहस-चित्रकथेच्या इतिहासात त्याचे स्थान त्यामुळेच महत्त्वाचे आहे.