नंबरात दडलेलं गाव

एसटीडी बूथच्या काचेवर कोडांचा तक्ता चिकटवलेला असे. मुंबई ०२२, सातारा ०२१६२, नागपूर ०७१२. आपल्याला ते नुसते आकडे वाटत, पण तो देशाचा नकाशाच होता.

त्याआधी ट्रंक कॉल बुक करून तासन्‌तास वाट पाहावी लागे. १९६० साली लखनौ आणि कानपूर यांच्यामध्ये थेट डायल करायची सोय, म्हणजेच एसटीडी, सुरू झाली आणि पुढे गावोगावी कोड लागले. सुरुवातीचं शून्य म्हणजे ‘गावाबाहेर जायचंय’ ही खूण. त्यापुढचा आकडा विभागाचा. मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर दोनमध्ये, तर नागपूर, अमरावती, अकोला सातमध्ये, म्हणजे भोपाळ-इंदूरच्या शेजारी. गोवा मात्र आठमध्ये, ०८३२. राज्याच्या सीमा एकीकडे आणि तारांचा भूगोल दुसरीकडे!

शून्य सोडून कोड आणि नंबर मिळून दहा आकडे, असा हिशेब पुढे पक्का झाला. म्हणून मुंबईचा कोड दोन आकडी आणि नंबर आठ आकडी, तर साताऱ्याचा कोड चार आकडी आणि नंबर सहा आकडी. जिथे फोन जास्त, तिथे नंबराला जागा जास्त. मला ही वाटणी फार शहाणपणाची वाटते.

मोबाइल आला १९९५ साली. त्याच्यासाठी नऊचा आकडा राखून ठेवला होता. तो पुरेना, तेव्हा आठ, सात आणि सहाही उघडले. तरी सुरुवातीला गाव थोडंफार कळायचं. ९८२० म्हणजे मुंबई, ९८२२ म्हणजे उरलेला महाराष्ट्र आणि गोवा. २०११ पासून तोच नंबर ठेवून कंपनी बदलता येऊ लागली, पुढे राज्य बदललं तरी नंबर तोच राहू लागला, आणि ही खूणही पुसली गेली.

नंबर मात्र कंपनीचाही नाही आणि आपलाही नाही. केंद्राचा दूरसंचार विभाग मालिका ठरवतो, ‘ट्राय’ ही नियामक संस्था शिफारशी करते, कंपन्यांना नंबरांचे गठ्ठे मिळतात आणि त्यातला एक आपण वापरतो. बंद पडलेला नंबर किमान ९० दिवस कुणाला देत नाहीत, त्यानंतर तो नव्या माणसाकडे जाऊ शकतो. तेव्हा जुनं सिमकार्ड सोडण्याआधी बँकेतला आणि आधारला जोडलेला नंबर आठवणीने बदलून घ्या.