मराठवाड्याचा वाटा

गुरुजी, वर्गातला महाराष्ट्राचा नकाशा भिंतीला लावा आणि एखाद्या मुलाला गोदावरीवरून बोट फिरवायला सांगा. त्र्यंबकेश्वराहून निघालेले बोट नाशिक जिल्हा ओलांडील, नगरच्या म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या कडेने खाली येईल आणि पैठणला नाथसागरापाशी येऊन थांबेल. पैठणच्या खाली जालना, बीड, परभणी आणि शेवटी नांदेड. नदी तर एकच. पण वरच्या गावांचे दारणा आहे, गंगापूर आहे, प्रवरेवर भंडारदरा आहे, मुळा आहे. ही धरणे भरली की मग पैठणकडे पाणी निघायचे. मराठवाड्याचा निम्मा प्रश्न या एका रेघेत आहे. उरलेला निम्मा प्रश्न पैठणच्या खाली आहे, आणि त्याबद्दल आपण जरा हळू आवाजात बोलतो. आज दोन्हींबद्दल बोलू.

आधी इतिहास. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाची राजवट संपली, तेव्हा मराठवाड्यात जिल्हे पाचच होते : औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद. जालना, लातूर, हिंगोली हे जिल्हे पुष्कळ नंतरचे. आणि औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचे धाराशिव ही नावे तर कालपरवाची. संस्थानातली पुष्कळ जमीन जहागिरदारांची, काही खुद्द निजामाच्या खासगी मालकीची. तिला सर्फ-ए-खास म्हणत. कुळाला पावती नाही, दाद नाही. 1949 साली जहागिऱ्या खालसा झाल्या, 1950 साली कुळकायदा आला. कायदा आला म्हणजे लगेच सातबाऱ्यावर नाव चढले असे मात्र कुणी समजू नये.

शाळेची गोष्ट याहून वाईट. घरात मराठी, बाजारात मराठी, आणि वरच्या वर्गात गेले की उर्दू. मुलाने भूगोल शिकायचा की आधी भाषा शिकायची? संस्थानात लिहिता-वाचता येणारी माणसे शेकड्यात दहासुद्धा नव्हती. म्हणून तर मराठवाड्याच्या मुक्तिलढ्याची बीजे शाळांत पडली. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा ही नावे तुमच्या ओळखीची असतील. स्वामी रामानंद तीर्थ या दोन्ही ठिकाणी शिकवीत होते. लढ्याचे पुढारी ते नंतर झाले, आधी ते मास्तर होते. शिक्षकांनी हे विसरू नये, एवढ्यासाठीच सांगितले.

तर अशा मागे राहिलेल्या मुलखाने मराठी राज्यात यायचे ठरवले. 28 सप्टेंबर 1953 रोजी नागपूर करार झाला. पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ आणि मराठवाडा या तिन्ही भागांच्या पुढाऱ्यांनी त्यावर सह्या केल्या. खर्च लोकसंख्येच्या प्रमाणात वाटायचा, मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे खास लक्ष द्यायचे, दरसाल विधानसभेपुढे त्याचा अहवाल ठेवायचा, नोकऱ्यांत आणि उच्च शिक्षणाच्या प्रवेशांत वाजवी हिस्सा द्यायचा, असे त्यात लिहिले होते. 1956 साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात. राज्यघटनेच्या 371 व्या कलमातही विकास मंडळांची तरतूद 1956 सालीच झाली. आणि ही मंडळे प्रत्यक्षात कधी निघाली? 1994 साली. मधल्या अडतीस वर्षांत एक पिढी शाळेतून बाहेर पडून नोकरीतून निवृत्त व्हायला आली. पुढे 30 एप्रिल 2020 रोजी मंडळांची मुदतही संपली.

दरम्यान माणसे काही गप्प बसली नव्हती. 1974 साली विद्यार्थी रस्त्यावर उतरले. मराठवाडा विकास आंदोलन ते हेच. मनमाडहून येणारी रेल्वे रुंद करा ही मागणी किती वर्षे चालली, ते गोविंदभाई श्रॉफांच्या पिढीला विचारायला हवे होते. रूळ रुंद व्हायला 1990 चे दशक उजाडले. 1983 साली सरकारने अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांची समिती नेमली. तिने अनुशेष मोजला. अनुशेष म्हणजे काय? चार भावांच्या सरासरीपेक्षा धाकट्याच्या ताटात किती कमी पडले, त्याचा हिशेब. राज्याचा एकूण अनुशेष निघाला सुमारे 3,187 कोटी रुपयांचा, त्यात मराठवाड्याचा सुमारे 751 कोटींचा. गाऱ्हाण्याला पहिल्यांदा आकडा मिळाला.

इथपर्यंत ऐकून कुणी म्हणेल, हे तर आम्हांला ठाऊक आहे. मुंबईने आम्हांला दिले नाही. खरे आहे. पण शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण असे चार मुख्यमंत्री मराठवाड्याने दिले, हेही खरेच ना? खुर्ची मिळाली म्हणजे चारीला पाणी आले असे होत नाही. तेव्हा मिळालेल्या वाट्याचे आपण काय केले, हेही विचारले पाहिजे.

जायकवाडीचेच घ्या. 18 ऑक्टोबर 1965 रोजी लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, 1976 साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झाले. सुमारे दहा किलोमीटर लांबीची भिंत. साठा एकूण 102 अब्ज घनफूट, ज्याला आपण टीएमसी म्हणतो. त्यातले वापरता येण्याजोगे सुमारे 76. डावा कालवा 208 किलोमीटर, उजवा 132. पाणलोटाखाली गावेच्या गावे गेली. त्यांनी जमीन दिली ती खालच्या ज्वारी-कापसाला पाणी मिळावे म्हणून. पण वरच्या अंगाला धरणे वाढत गेली, आणि नाथसागर कित्येक वर्षे भरेनासा झाला. मग भांडणे, मोर्चे, कोर्टकचेऱ्या. 2005 च्या कायद्याने समन्यायी पाणीवाटप हा शब्द कागदावर आला. त्या कायद्याखालच्या प्राधिकरणाने 2014 साली निकाल दिला आणि हिशेब ठरला : 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरून पाणी सोडायचे. उच्च न्यायालयानेही 2016 साली समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. मराठवाड्याच्या लढ्यातले हे मोठे यश आहे, आणि ते टिकवले पाहिजे.

आता पैठणच्या खाली या. मुलांना एक गणित घाला. आपल्याकडे वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो असे धरा. एका एकरावर पडणारे पाणी किती? मुले करतील : सुमारे 28 लाख लिटर. आता उसाला, पाटाने पाणी दिले तर, लावणीपासून तोडणीपर्यंत साधारण 2,000 मिलिमीटर पाणी लागते असे धरा. म्हणजे एकरी सुमारे 80 लाख लिटर. सगळे आभाळ अडवले, थेंब वाया घालवला नाही, तरी एक एकर उसाला जवळजवळ तीन एकरांचा पाऊस हवा. मग बाकीच्या दोन एकरांचा मालक कोण? तो शेजारी आहे, आणि त्याच्या विहिरीत खडखडाट आहे.

एप्रिल 2016 आठवतो? लातूरला पिण्याचे पाणी मिरजेहून रेल्वेने आले. सुमारे 340 किलोमीटर. पहिल्या गाडीत दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी. सगळ्या देशाने ते चित्र पाहिले. त्याच गणिताने सांगा, एक एकर ऊस म्हणजे अशा किती गाड्या? सोळा! साखर कारखान्याने रस्ते आणले, बाजार आणला, हातात रोख पैसा दिला. ऊस लावणारा शेतकरी काही चोर नव्हे. तुरीला, हरभऱ्याला भावाची हमी नसेल आणि उसाचे वजन करून घेणारा दारात उभा असेल, तर तुम्ही-आम्ही काय लावले असते? दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही. पण दोष कुणाचाही असो, पाणी तेवढेच आहे.

आणि याच उसाची दुसरी बाजू बीड जिल्ह्याला विचारा. दसरा-दिवाळी झाली की गावे ओस पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि पाडव्यापर्यंत पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊस तोडून ती फेडायची. एक दिवस खाडा झाला तर दंड. 2019 साली बीड जिल्ह्यातल्या 82 हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतल्या 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली. हा आकडा मी मुद्दाम हळू वाचतो. पाण्याचा प्रश्न कालव्यावर संपत नाही, तो माणसाच्या अंगापर्यंत जातो. गुरुजी, तुमच्या हजेरीपटावरची मुले कार्तिकात कुठे जातात, ते तुम्हांला माहीत आहे. हंगामी वसतिगृह वेळेवर उघडले तर मूल आजी-आजोबांपाशी राहते. महिनाभर उशीर झाला तर ते कोप्यावर धाकट्या भावंडाला सांभाळीत बसते. इथे मुंबईच्या पत्राची वाट पाहण्यापेक्षा ग्रामपंचायतीत आणि शाळा व्यवस्थापन समितीत बसून दिवाळीच्या आत यादी पक्की करण्याने अधिक काम होते.

सामाजिक वाटणीचेही असेच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेने 1950 साली औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेव्हा या विभागात उच्च शिक्षण म्हणजे जवळजवळ ओसाड रान होते. विद्यापीठ त्यानंतर, 1958 साली आले. त्या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यायचा ठराव 1978 साली विधिमंडळात झाला, आणि मराठवाड्यातल्या कित्येक गावांत दलितांची घरे जळाली. नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडावा लागला. आमच्यावर अन्याय झाला असे सांगणाऱ्या मुलखाने आपल्याच गावकुसाबाहेरच्या माणसांशी असे वागावे, याचे उत्तर कुठल्याही करारात सापडत नाही.

करण्यासारखे काही नाही असे मात्र नव्हे. जालना जिल्ह्यातले कडवंची गाव पाहा. माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती केली, पाणलोट क्षेत्र नीट बांधले, आणि कोरडवाहू गावात द्राक्षबागा उभ्या राहिल्या. शेततळ्यांचे गाव म्हणून त्याची ख्याती झाली. (शेततळे चांगलेच, पण विहिरीचे आणि बोअरचे पाणी उपसून प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात साठवले, तर ते शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी उन्हात वाळत घातल्यासारखे आहे.) नाशिक जिल्ह्यात वाघाड धरणावर शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था पाणी मोजून घेतात आणि मोजून वाटतात. सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देण्याचा कायदाही 2005 सालीच झाला आहे. त्यातले मर्म सोपे आहे : पाणी क्षेत्रावर नव्हे, मापावर द्यायचे, आणि आवर्तन सुटले की आधी चारीच्या शेपटाकडचे शेत भिजवायचे, मग वरचे.

पैठणने नाशिकला जे सांगितले, तेच इथे चारीच्या तोंडाला असलेल्या शेतकऱ्याला सांगायचे आहे. तो आपला सोयरा असतो, कधी सरपंच असतो, कधी आपण स्वतःच असतो, म्हणून ते सांगणे जड जाते. पुढचे आवर्तन सुटेल त्या दिवशी कालव्यावर जा. पाणी कुणाच्या शेतात आधी शिरते आणि शेवटच्या शेतात किती तासांनी पोचते, ते मुलांना वहीत लिहून घ्यायला लावा.