दम रक्तात नसतो

लांब पल्ल्याच्या घोडेस्वारीविषयी आपल्याकडे एक मत पक्के बसले आहे : दम घोड्याच्या रक्तातच असतो. या मताच्या बाजूचा पुरावा क्षुल्लक नाही. 160 किलोमीटरच्या जागतिक शर्यतींत अरबी रक्ताचेच घोडे पुढे दिसतात. इतिहासही साक्षीला उभा केला जातो. भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली नागपूरकर भोसल्यांचे घोडदळ 1742 साली छत्तीसगडची राने ओलांडून बंगालवर उतरले. नागपूरहून तिकडे जायचे तर भंडाऱ्याची वैनगंगा वाटेत लागते. तिथून थेट भागीरथीपर्यंत मजल मारली ती लहान चणीच्या दख्खनी घोड्यांनी. तेव्हा जातिवंत जनावर घ्यावे, महिनाभर चौखूर उधळावे, की काम झाले!

पुरावा खरा आहे. निष्कर्ष खोटा आहे.

अरबी घोड्याचेच उदाहरण घेऊ. या शर्यतींत टप्प्याटप्प्यावर पशुवैद्य घोडा तपासतात. नाडी ठरलेल्या वेळात मिनिटाला 64 ठोक्यांवर उतरली नाही किंवा चाल बिघडली, तर घोडा तिथेच बाद. बाद होण्याचे सर्वांत मोठे कारण कोणते? लंगडणे. इतके उत्तम रक्त अंगात असताना पाय का दगा देतात? कारण शरीराचे सगळे भाग एका वेगाने तयार होत नाहीत. नियमित रपेटीने हृदय आणि रक्ताभिसरण काही आठवड्यांत सुधारते. स्नायूंना काही महिने लागतात. कंडरा, अस्थिबंध आणि हाडे यांना वर्ष, कधी त्याहून अधिक. महिनाभराने घोड्याची धाप कमी होते आणि मालक त्याला तयार समजतो. नेमका तोच काळ सर्वांत धोक्याचा, कारण छाती पळवू शकते आणि पाय पेलू शकत नाहीत. म्हणून आधी चालीच्या लांब रपेटी, मग दुडकी. अंतर वाढवले त्या आठवड्यात वेग वाढवायचा नाही. कष्टाच्या दिवसामागे विसाव्याचा दिवस. रक्त या कामाला चांगली माती देते, हे मी मान्य करतो. पीक देत नाही.

भंडाऱ्याच्या हवेत तर वंशावळीची मातब्बरी आणखी कमी. मे महिन्यात पारा 45 अंशांकडे झेपावतो. रोवणीच्या दिवसांत धानाच्या बांध्यांवरची दमट हवा घाम वाळू देत नाही. धावणाऱ्या घोड्याच्या स्नायूंत खर्ची पडलेल्या शक्तीपैकी सुमारे तीन चतुर्थांश भाग उष्णतेत जातो. ती बाहेर टाकायला ताशी दहा-पंधरा लिटर घाम गळू शकतो. शिवाय हा घाम रक्ताइतका किंवा त्याहून खारट. पाण्याबरोबर क्षारही जातात, रक्तातला खारटपणा वाढत नाही, आणि तहानेची सूचना उशिरा मिळते. वाटेत थांबून पाणी पिण्याची सवय, उन्हाला सरावण्याचे दोन-तीन आठवडे, मिठाचे प्रमाण, नुसत्या तणसावर न भागवता दिलेला सकस चारा : यांतले काय घोडा जन्मतः घेऊन येतो?

आता मराठी घोडदळ. सभासदाच्या बखरीत शिवकाळातली व्यवस्था स्पष्ट आहे : पावसाळ्यात लष्कर छावणीला, दाणा-वैरण-औषधांची तजवीज आधीच, आणि दसऱ्याला कूच. चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेल्या पत्रात शिवछत्रपती बजावतात की दाणागवत आताच उधळले तर ऐन पावसाळ्यात मिळणार नाही आणि घोडी मरतील. हे शिवकाळाचे झाले, भोसल्यांचे काय, असा आक्षेप येईल. तर त्याच 1742 च्या पावसाळ्यात भास्कररामांचा मुख्य तळ भागीरथीकाठी काटव्याला पडलेला होता. काटक घोडी ज्यांच्या दारात होती, त्यांनीच त्यांच्या दाण्याचा, विसाव्याचा आणि औषधाचा हिशेब ठेवला. वाचकांनीच निवाडा द्यावा : निव्वळ रक्ताच्या भरवशावर असलेले सैन्य इतकी तजवीज कशाला करील?