वाचनालयाच्या तळघरातलं नाटक

वाचनालय म्हटलं की काय आठवतं? 'शांतता राखा'ची पाटी. आजची गोष्ट मात्र गजबजलेल्या वाचनालयाची आहे.

न्यूयॉर्कमध्ये हार्लेम ही कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती. तिथे १३५व्या रस्त्यावर सर्वांसाठी मोफत वाचनालय होतं. १९२० मध्ये अर्नेस्टीन रोझ तिथल्या प्रमुख झाल्या. त्यांनी कृष्णवर्णीय सहकारी नेमले. मग पुस्तकांसोबत कवितावाचन, व्याख्यानं, चित्रप्रदर्शनंही होऊ लागली.

आणि नाटक? तेव्हा रंगभूमीवर कृष्णवर्णीय माणूस दिसायचा तो बहुतेक वेळा नोकर नाहीतर विदूषक म्हणून. म्हणून १९२६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांच्या 'क्रिग्वा प्लेयर्स'नी वाचनालयाच्या तळघरातच रंगमंच उभा केला. आग्रह एकच, नाटक आपल्याबद्दलचं, आपणच लिहिलेलं, आपल्या लोकांसाठी आणि आपल्याच वस्तीत. हेच ते डू बॉइस, ज्यांना १९४६ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी पत्र लिहिलं होतं.

हा संच फार वर्षं चालला नाही, पण तळघर होतंच. १९४० मध्ये तिथे 'अमेरिकन निग्रो थिएटर' आलं. १९४४ मध्ये त्यांचं 'अ‍ॅना लुकास्टा' त्याच तळघरातून ब्रॉडवेला पोचलं.

तुमच्या गावच्या वाचनालयातही एखादी खोली रिकामी असेल. जरा विचारून तर बघा!