भाकरीवरची सही

आमचे गाव कळमनुरी तालुक्यात, पैनगंगेच्या काठी. हा मुलूख आज हिंगोली जिल्ह्यात मोडतो. 1 मे 1999 पूर्वी तो परभणीत होता, आणि 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. नदीचा अलीकडचा काठ संस्थानचा, पलीकडचा वऱ्हाडाचा. म्हणजे 15 ऑगस्ट 1947 नंतर स्वतंत्र हिंदुस्थानचा. पलीकडे उमरखेडला स्टेट काँग्रेसचे सरहद्दीवरचे केंद्र होते. आमचे आजोबा, म्हणजे नाना, रात्रीबेरात्री कार्यकर्त्यांना नदीपार पोहोचवीत आणि आजी त्यांच्यासाठी ज्वारीच्या भाकरी, कांदा नि ठेचा फडक्यात बांधून देई. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाची शरणागती आली. नाना आपल्या औताकडे वळले, आजी आपल्या चुलीकडे.

त्या वाटेने गेलेल्यांपैकी एक गृहस्थ पुढे बडे पुढारी झाले. दरवर्षी 17 सप्टेंबरच्या झेंडावंदनाला त्यांचे भाषण ठरलेले. ‘शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून आम्ही कोरडी भाकरी खाल्ली,’ हे वाक्य आले की टाळ्या पडत. टाळ्या वाजविणाऱ्यांत नानाही असत.

1972 साली केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतनाची योजना काढली. पुढे हैदराबादच्या लढ्यातील माणसेही तीत आली. अर्जासोबत तुरुंगाचा किंवा भूमिगत असल्याचा पुरावा लागे. सरकारी कागद नसेल तर स्वतः दीर्घ कारावास भोगलेल्या एखाद्या नामांकित सैनिकाचे प्रमाणपत्र लागे. नाना कधी पकडले गेले नव्हते, हाच त्यांचा अपराध ठरला! माझे वडील त्या पुढाऱ्यांच्या बंगल्यावर गेले. दुपारपर्यंत पायरीवर बसले. शेवटी साहेब बाहेर आले नि म्हणाले, “माणसं फार होती हो. कोणाकोणाची नावं लक्षात ठेवायची?”

वडील संतापून घरी आले. आजीने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाली, “आरं बाबा, भाकरीवर कुनाची सही असती का?”

इतिहास वाचू लागल्यावर माझ्या ध्यानात आले की हे दुखणे केवळ आमच्या गावचे नाही. 1929 साली लाहोरच्या तुरुंगात राजकीय कैद्यांना माणुसकीची वागणूक मिळावी म्हणून जतींद्रनाथ दासांनी 63 दिवस उपोषण केले आणि 13 सप्टेंबरला देह ठेवला. पुढच्याच वर्षी सरकारने कैद्यांचे अ, ब, क असे वर्ग पाडले. कसोटी कोणती? कैद्याचे शिक्षण, समाजातील स्थान आणि राहणीमान! एकच कायदा मोडणाऱ्या दोघांपैकी वकिलाला चांगले अन्न नि पुस्तके मिळत. त्याच्यामागून गेलेल्या कुणब्याला साधा कैदी म्हणून क वर्ग. वरचा वर्ग नाकारणारे काही निघाले. स्वीकारणारे अधिक होते. सरकारने पंगती वेगळ्या मांडल्या हे खरे, पण पाटावर बसणे काही सक्तीचे नव्हते.

आमच्या नदीपलीकडच्या पुसदला 1930 च्या जुलैत लोकनायक बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली जंगल सत्याग्रह झाला. पुढाऱ्याने राखीव रानातले मूठभर गवत कापायचे आणि अटक करून घ्यायची, अशी ती रीत. नेत्याला ते गवत म्हणजे एक खूण. रानाकाठच्या माणसाला तो गुरांचा चारा. त्याच सत्याग्रहात 25 सप्टेंबरला कुलाबा जिल्ह्यातील चिरनेरला गोळीबार होऊन आठ गावकरी पडले. 1931 च्या मार्चमध्ये गांधी-आयर्विन करार झाला आणि सत्याग्रही सुटले. हिंसेचा आरोप असलेल्यांना मात्र त्या सुटकेतून वगळले होते.

म्हणून सारेच पुढारी दांभिक होते असे कोणी समजू नये. 30 जानेवारी 1948 रोजी, गांधीजींचा खून झाला त्याच दिवशी, नांदेडकडील उमरीची बँक आमच्या सैनिकांनी लुटली. वीस लाखांच्या वर रक्कम हाती आली. रात्रीचा प्रवास, हातात बंदुका, आणि पावती मागणारा कोणी नाही. तरीही लढा संपल्यावर स्टेट काँग्रेसने त्या पैशाचा हिशेब दिला. मजला तो लुटीहूनही मोठा पराक्रम वाटतो. मात्र पैशाचा हिशेब ठेवणाऱ्या चळवळीलाही भाकरीचा हिशेब ठेवता आला नाही. उलट बीड जिल्ह्यात लढ्याशी संबंध नसलेल्यांनी निवृत्तिवेतन मिळविल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ज्याच्याजवळ सही तो सैनिक, असा न्याय झाला.

हे लिहिताना त्या पुढाऱ्यांवर माझा राग होता. पण दिवाळीच्या दिवसांत घर झाडताना अडगळीतले आपलेही काही निघते. 1974 च्या मराठवाडा विकास आंदोलनात मी विद्यार्थी होतो. मोर्चात पुढे उभा राहून घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. आम्हांला धरले. आम्ही कॉलेजची मुले. कोणाचे मामा वकील, कोणाचे काका मास्तर. संध्याकाळी घरी आलो, गावाने हार घातले. आमच्याबरोबर चहाच्या हॉटेलातला एक पोऱ्याही आला होता. घोषणा आम्ही देत होतो, आणि आमचे बघून तोही देत होता. तो तीन दिवस कोठडीत राहिला. सुटून आला तेव्हा त्याच्या जागी दुसरा मुलगा कपबशा विसळत होता.

पुढे मला नोकरी लागली. त्या आंदोलनाची हकीकत मी मुलांना, नातवंडांना कितीदा तरी रंगवून सांगितली आहे. गेल्या दिवाळीत फराळाच्या वेळी धाकट्या नातीने विचारले, “आजोबा, त्या मुलाचं नाव काय होतं?”

मी पुष्कळ आठवून पाहिले. मग म्हणालो, “माणसं फार होती गं.”

आणि हातातला लाडू तसाच राहिला.