अंथरूण कुणी धरलं?

नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत वृद्धांच्या शुश्रूषेचा भाग आला की सुरुवातीलाच 'वार्धक्याचे सिद्धान्त' नावाचं प्रकरण असतं. जैविक, मानसिक आणि सामाजिक अशा तीन गटांत भराभर नावं येतात. पेशींच्या विभाजनाला मर्यादा असते, शरीर यंत्रासारखं झिजतं, माणूस समाजातून हळूहळू अंग काढून घेतो, किंवा काढून घेत नाही. परीक्षेपुरतं पाठ करायचं आणि वॉर्डात गेल्यावर विसरायचं, असा हा मजकूर वाटतो. खाटेवरच्या आजोबांची कूस बदलण्याशी याचा काय संबंध?

इतिहास पाहिला तर संबंध फार जवळचा दिसतो. कुणाला खाटेवरून उतरवायचं, कुणाची कवळी कुठे ठेवायची, कुणाशी किती बोलायचं, ही वॉर्डातली रोजची कामं म्हातारपणाविषयीच्या कुठल्या ना कुठल्या कल्पनेवर चालत आली आहेत. ती कल्पना कुणी मोठ्याने बोलून दाखवत नाही, पण तिच्यात चूक असली तर ती म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर उमटते.

१९३५ साली लंडनच्या पश्चिमेला आयलवर्थ इथल्या वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलात डॉ. मार्जरी वॉरेन यांच्याकडे शेजारच्या जुन्या वर्कहाउसचा दवाखाना सोपवण्यात आला. वर्कहाउस ही १८३४ च्या गरिबांविषयीच्या कायद्याने घट्ट केलेली व्यवस्था. निराधाराला छप्पर मिळे, पण ते मागायला कुणी सहजी येऊ नये म्हणून तिथलं जगणं मुद्दाम कठोर ठेवलेलं असे. हातपाय धड असलेले बाहेर पडत. म्हातारे, अर्धांगवायू झालेले, मागे कुणी नसलेले तिथेच राहत. वॉरेन यांच्या वाट्याला असे ७१४ रुग्ण आले. त्यांतल्या कितीतरी जणांच्या आजाराचं नीट निदानही झालेलं नव्हतं. 'जुनाट रुग्ण' हा एक शिक्का पुरेसा मानला जाई. वर्षानुवर्षं ते खाटेवर होते, कारण त्यांना खाटेवर ठेवण्यात आलं होतं.

वॉरेन यांनी प्रत्येकाची तपासणी केली आणि कुणाला काय झालंय यानुसार त्यांचे गट पाडले. ज्यांना उठवता येईल त्यांना उठवलं, व्यायाम सुरू केले, चालायला शिकवलं. वॉर्डातला उजेड आणि भिंतींचे रंग बदलले. बरेच जण घरी किंवा वृद्धाश्रमात जाण्याइतके सुधारले. हळूहळू ७१४ खाटांच्या जागी २४० पुरू लागल्या. १९४३ आणि १९४६ मध्ये त्यांनी हा अनुभव ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत मांडला आणि म्हाताऱ्या रुग्णांवरचे उपचार ही वैद्यकाची स्वतंत्र शाखा व्हावी, ती सर्वसाधारण इस्पितळांतच असावी, असा आग्रह धरला. ब्रिटनमधलं वार्धक्यवैद्यक इथून उभं राहिलं.

या हकिगतीत नवं औषध कुठेच नाही. बदलली ती समजूत. आधीची समजूत अशी होती की झिजलेल्या शरीराला विश्रांती द्यावी, आणि विश्रांती म्हणजे खाट. पण पडून राहिलेल्या शरीराचं काय होतं? स्नायू झपाट्याने आटतात, सांधे आखडतात, हाडांतला कॅल्शियम कमी होतो, पायांत रक्ताच्या गुठळ्या होतात, छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात. मग माणूस खरोखरच उठू शकत नाही, आणि त्याच्याकडे बोट दाखवून म्हणता येतं, बघा, वय झालं. १९४७ मध्ये रिचर्ड ॲशर या लंडनच्या डॉक्टरांनी अंथरुणाला पडण्याचे धोके याच विषयावर छोटा, बोचरा लेख लिहिला. खाटेकडे उपचार म्हणून पाहणाऱ्या डॉक्टरांना त्यांनी खाट हेच आजाराचं कारण म्हणून दाखवली. आपण मराठीत 'अंथरूण धरलं' असं म्हणतो, जणू माणसानेच ते धरलेलं असतं. वॉरेन यांच्या वॉर्डात पुष्कळदा उलटं घडलं होतं. अंथरुणाने माणसाला धरलं होतं.

खाटेवरच्या जखमांचा इतिहासही असाच आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या साल्पेत्रिएर इस्पितळात, जिथे हजारो वृद्ध स्त्रिया राहत होत्या, तिथल्या झां-मार्तां शार्को यांनी असं मांडलं की मज्जासंस्थेच्या बिघाडामुळेच अशा जखमा होतात. शार्को यांचा दबदबा मोठा होता. जखम आतून, आजारातूनच येणार असेल तर नर्सने करण्यासारखं फारसं उरत नाही. तरीही परिचारिका पाठ चोळत होत्या, स्पिरिट आणि मलमं लावत होत्या. जखम झाली की दोषही त्यांच्याच माथी येई.

डोरीन नॉर्टन या परिचारिकेने हा प्रश्न मोजमापाला लावला. रोडा मॅकलारेन आणि डॉ. एक्स्टन-स्मिथ यांच्याबरोबर लंडनच्या इस्पितळात केलेला त्यांचा अभ्यास १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून निघालेलं कोष्टक आजही जगभर नर्सिंगमध्ये शिकवलं जातं. शरीराची अवस्था, मनाची अवस्था, हिंडणं-फिरणं, हातपाय हलवण्याची क्षमता आणि मलमूत्रावरचा ताबा, अशा पाच बाबींना प्रत्येकी एक ते चार गुण. बेरीज वीसपैकी चौदा किंवा त्याहून कमी आली तर धोका. या पाच बाबींत वय नाही. नव्वद वर्षांच्या हिंडत्या-फिरत्या बाईला वीसपैकी वीस मिळू शकतात. आणि उपाय मलमाच्या डबीत सापडला नाही, ठरावीक वेळाने कूस बदलण्यात सापडला. म्हणजे जखम हा पुष्कळ अंशी दाबाचा आणि वेळेचा हिशेब होता. वॉर्डात किती हात आहेत आणि ते कधी पोचतात, यावर तो अवलंबून होता.

शरीराचं हे कोडं सुटत असतानाच मनाविषयीचा एक सिद्धान्त अमेरिकेत जन्माला आला. इलेन कमिंग आणि विल्यम हेन्री यांनी कॅन्सस सिटीतल्या पन्नाशी ते नव्वदीच्या सुमारे पावणेतीनशे लोकांच्या मुलाखतींवरून १९६१ मध्ये मांडलं की म्हातारा माणूस समाजातून काढता पाय घेतो, समाजही त्याला सोडतो, आणि ही प्रक्रिया अटळ असून दोघांनाही सोयीची असते. मराठी वाचकाला इथे वानप्रस्थ आठवेल. फरक एवढाच की वानप्रस्थात, निदान कल्पनेत तरी, निघायचं कधी हे जाणारा ठरवतो. शिकागोचे रॉबर्ट हॅविगहर्स्ट यांचं म्हणणं नेमकं उलटं होतं. माणूस जितका कामात आणि माणसांत राहील तितकं त्याचं म्हातारपण सुखाचं. पुढे १९७५ मध्ये समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉशचाइल्ड यांनी दाखवलं की कमिंग-हेन्री यांचा सिद्धान्त खोटा ठरवायला जागाच ठेवलेली नाही. जो माणसांत रमतो त्याच्याविषयी एवढंच म्हणायचं, की त्याची वेळ अजून आली नाही.

या वादाचं वॉर्डातलं रूप ब्रिटनमध्ये दिसलं. मनोपचारतज्ज्ञ बार्बरा रॉब १९६५ मध्ये लंडनच्या फ्रायर्न या मनोरुग्णालयात एका वृद्ध ओळखीच्या बाईंना भेटायला गेल्या आणि तिथली अवस्था पाहून हादरल्या. अशा इस्पितळांत आलेल्या वृद्धांचे चष्मे, कवळ्या, श्रवणयंत्रं काढून घेतली जात होती. हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहून सांगितलं, आणि १९६७ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, दातांशिवाय धड बोलता येत नाही, तो माणूस गप्प बसतो. नोंदवहीत लिहिलं जातं, 'रुग्ण कुणात मिसळत नाही.' तिथल्या कर्मचाऱ्यांनी कमिंग आणि हेन्री वाचले असतील असं मानायचं कारण नाही. पण काढता पाय घेणं कधीकधी कसं घडवलं जातं, ते इथे उघड दिसतं.

१९७६ मध्ये एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी अमेरिकेतल्या एका शुश्रूषागृहात साधा प्रयोग केला. एका मजल्यावरच्या वृद्धांना सांगितलं की खोलीची मांडणी, पाहुण्यांना कुठे भेटायचं, सिनेमा कधी बघायचा हे तुम्ही ठरवा. त्यांना एकेक रोप दिलं आणि त्याची निगाही त्यांच्यावर सोपवली. दुसऱ्या मजल्यावर सांगितलं की सगळं आम्ही बघू, रोपालाही नर्स पाणी घालेल. तीन आठवड्यांत पहिला मजला जास्त तरतरीत झाला. पुढे मृत्यूंचं प्रमाणही तिथे कमी दिसलं, पण तो दावा नंतर संशोधकांना सौम्य करावा लागला. तरी एक गोष्ट टिकते. सगळं आम्ही बघू हे प्रेमाचं वाक्य निरुपद्रवी नाही.

१९९० मध्ये बोस्टनमध्ये मारिया फियाटारोन यांनी शुश्रूषागृहातल्या ८६ ते ९६ वर्षांच्या दहा अशक्त वृद्धांना पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम आठ आठवडे दिला. नऊ जणांनी तो पुरा केला आणि त्यांच्या पायांतली ताकद सरासरीने १७४ टक्क्यांनी वाढली. झीज खरी होती, पण तिच्यातला मोठा भाग वापर थांबल्याचा होता.

याचा अर्थ म्हातारपण हा भ्रम आहे, असा नाही. वॉरेन यांच्याकडेही २४० खाटा उरल्याच. पेशी ठरावीक वेळाच विभागतात हे लिओनार्ड हेफ्लिक यांनी १९६१ मध्ये प्रयोगशाळेत दाखवलं. आणि बळेबळे भजनात बसवणं, टाळ्या वाजवायला लावणं हीदेखील एक जबरदस्तीच. आयुष्यभर कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलेल्या बाईला म्हातारपणीही कोपराच हवा असतो. नर्सला म्हणूनच सिद्धान्तांची एक यादी पुरत नाही. समोरच्या माणसाचं जे गेलं त्यातलं वयाने किती नेलं आणि आपल्या व्यवस्थेने किती, हे तिला रोज नव्याने विचारावं लागतं.

आज आपल्याकडे हा प्रश्न इस्पितळापेक्षा घरात जास्त येतो. पडतील म्हणून उठू द्यायचं नाही, धावपळ नको म्हणून चालत्या माणसाला डायपर, सांडतात म्हणून घास भरवायचा. यातलं प्रत्येक काम मायेने केलं जातं, आणि दिवसभर थकलेल्या हातांनी केलं जातं. दोन महिन्यांनी आजी उठत नाहीत, आणि शेजारणीला सांगितलं जातं, त्यांनी आता अंथरूणच धरलंय. तेव्हा एकदा मागचे दोन महिने मोजून पाहावेत.