वाकत्या नळीचा सांधा

पिठाच्या गिरणीत, शेतावरच्या पंपघरात किंवा तंत्रशाळेच्या कार्यशाळेत मोटारीकडे नीट पाहिले, तर भिंतीवरच्या स्टार्टरपासून मोटारीपर्यंत गेलेली एक वळ्यावळ्यांची पोलादी नळी दिसते. ती हवी तशी वाकते आणि तिच्या पोटातून वीजवाहक तारा जातात. या नळीला कारागीर ‘फ्लेक्सिबल पाईप’ म्हणतात. नळीचे टोक मोटारीच्या पेटीला जिथे मिळते, तिथे मुठीत मावेल असा एक धातूचा तुकडा असतो. त्याला कोणी ‘कनेक्टर’ म्हणतात, कोणी ‘अडॅप्टर’, तर कोणी नुसतेच ‘ग्लँड’. विजेच्या इतिहासात फॅरेडे आणि एडिसन यांची नावे येतात, या तुकड्याचे नाव कुठेच येत नाही. तरीही यंत्राला हात लावणाऱ्या माणसाचा जीव पुष्कळदा या सांध्यावर अवलंबून असतो. हा सांधा आजच्या रूपाला कसा आला, ते या लेखात पाहू.

लाकूड, कागद आणि लोखंड

४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीटवरचे एडिसनचे वीजकेंद्र सुरू झाले. रस्त्याखालून तारा नेण्याचा विचार तेव्हा बराच झाला होता. घरात आलेल्या तारेचे काय करायचे, याबद्दल मात्र एकमत नव्हते. चिनीमातीच्या खुंट्यांवरून किंवा लाकडी पट्ट्यांच्या खाचांतून तारा नेत. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत दिसणारी लाकडी ‘केसिंग-कॅपिंग’ त्याच कुळातली. लाकूड ओलसर झाले की प्रवाह गळू लागतो आणि कोरडे असले की ठिणगीने पेटते. त्यामुळे विजेबरोबर आगीही घरात शिरल्या.

आगीची झळ विमा कंपन्यांना सर्वांत आधी लागली. १८९३ साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरले. त्यात विजेच्या दिव्यांचा झगमगाट होता. तिथल्या तारांची तपासणी करायला विमा व्यावसायिकांनी विल्यम मेरिल या तरुण विद्युत अभियंत्याला पाठवले. त्यातूनच १८९४ मध्ये विद्युत साहित्याची चाचणी घेणारी प्रयोगशाळा निघाली. ‘अंडररायटर्स लॅबोरेटरीज’ या नावाने ती पुढे जगभर प्रसिद्ध झाली. १८९७ मध्ये अमेरिकेची पहिली राष्ट्रीय विद्युत संहिता छापली गेली.

याच काळात तारा नळीतून न्याव्यात ही कल्पना रुजली. पहिल्या नळ्या होत्या डांबरात भिजवलेल्या कागदाच्या. बर्लिनमध्ये सिगमुंड बर्गमन यांनी अशा कागदी नळीवर पातळ पत्र्याचे वेष्टण चढवून तिचा मोठा व्यवसाय उभारला. हे बर्गमन पूर्वी एडिसनबरोबर काम केलेले होते. नळी म्हणजे तारेवरचे आणखी एक विद्युतरोधक आवरण, अशी तेव्हाची समजूत होती. पण खिळा ठोकला तर कागद काय अडवणार? म्हणून हळूहळू जाड लोखंडी नळ्या आल्या. गॅसच्या दिव्यांसाठी लागणाऱ्या नळ्या, त्यांवर आटे पाडण्याची हत्यारे आणि ते काम जाणणारे कारागीर आधीपासूनच होते. नळीवर आटे पाडायचे, ती पेटीच्या भोकातून घालायची आणि दोन्ही बाजूंनी नट आवळायचे की सांधा तयार. नळी जाड होती, म्हणूनच हे इतके सोपे होते.

दागिन्यातून आलेली नळी

वाकणाऱ्या नळीचा जन्म मात्र विजेच्या गरजेतून झाला नाही. जर्मनीतील फोर्झहाइम हे सोनारकामाचे गाव. तिथे हाइनरिश विट्झेनमान यांचा दागिन्यांचा कारखाना होता. त्या काळी एकमेकींत अडकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांचा, हंसाच्या मानेसारखा लवचीक गळ्यातला दागिना प्रचारात होता. त्याच धर्तीवर विट्झेनमान आणि फ्रेंच अभियंता युजीन लेव्हावासर यांनी १८८५ साली धातूची लवचीक नळी बनवली आणि तिचे एकस्व घेतले. लांब धातूच्या पट्टीला इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा आडवा छेद द्यायचा आणि ती मळसूत्रासारखी गुंडाळायची. प्रत्येक वळ्याची कड शेजारच्या वळ्याच्या कडेत आकड्यासारखी अडकते. दोन वळ्यांत थोडी मोकळीक राहते, म्हणून नळी वाकते. तीच मोकळीक गळतीही करते, म्हणून त्यांनी खाचेत रबरी दोरा बसवला.

१९०२ च्या सुमारास अमेरिकेत याच तत्त्वावरची पोलादी नळी वीजतारांसाठी बाजारात आली. तिथले वीजकारागीर आजही तिला ‘ग्रीनफिल्ड’ म्हणतात. ती पुढे आणणाऱ्या गृहस्थांचे ते आडनाव. बांधून झालेल्या घरांच्या पोकळ भिंतींतून ताठ नळी जाईना, वाकती नळी सहज जाई. त्याहून मोठी गरज कारखान्यांची होती. पूर्वी एका मोठ्या इंजिनावर लांबच लांब दांडा फिरे आणि त्यावरून पट्ट्यांनी सगळी यंत्रे चालत. विसाव्या शतकात हळूहळू प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटार मिळू लागली. आपल्याकडे १९१५ साली खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली, तो याच बदलाचा काळ. मोटार थरथरते. पट्टा ताणण्यासाठी ती रुळांवर मागेपुढे सरकवावी लागते. तिला ताठ नळी जोडली तर नळी तरी मोडेल किंवा पेटीचा पत्रा फाटेल. तिथे वाकती नळीच हवी.

आटे पाडायचे कुठे?

इथे नवा प्रश्न उभा राहिला. जाड नळीच्या अंगात आटे कोरता येतात. वाकती नळी म्हणजे अर्धा मिलिमीटरहूनही पातळ पट्टीची गुंडाळी. तिच्यावर आटे पाडू गेलो तर पट्टीच कापली जाईल. फार घट्ट दाबली तर वळ्यांचे आकडे सुटतील. शिवाय करवतीने कापलेल्या टोकाला पात्यासारखी धार येते आणि तारा नेमक्या त्या धारेवरून पेटीत शिरतात. मोटारीच्या प्रत्येक थरथरीबरोबर तारेचे आवरण थोडे थोडे घासले जाते.

म्हणजे सांध्याच्या तुकड्याने एकाच वेळी चार कामे करायला हवीत. नळी ओढली तरी निसटू नये. कापलेल्या धारेपासून तारा वाचाव्यात. नळी आणि पेटी विद्युतदृष्ट्या पक्की जोडलेली असावी. आणि जिथे गरज असेल तिथे तेल, पाणी व धूळ आत जाऊ नये.

यावर तीन तऱ्हेची उत्तरे निघाली. पहिले उत्तर सर्वांत चतुर. नळी स्वतःच मळसूत्र आहे, मग तिचाच आट्यासारखा उपयोग का करू नये? तुकड्याच्या एका टोकाला नळीच्या वळ्यांना जुळणारे मोठे आटे द्यायचे आणि तो नळीच्या पोटात पिळून बसवायचा. कापलेली धार बाहेरच राहते आणि तारा गुळगुळीत कंठातून जातात. अमेरिकन संहितेने नळीच्या कापलेल्या टोकाची धार घासून काढण्याची सक्ती केली आहे, पण अशा आतून बसणाऱ्या जोडाला तीतून सूट दिली आहे. दुसरे उत्तर पकडीचे. चिरलेले कडे नळीवर बाहेरून बसवायचे आणि स्क्रूने आवळायचे. दाब मोठ्या कमानीवर पसरतो, म्हणून वळी चेमटत नाहीत. कड्याच्या आत गोलसर काठाचा अडथळा असतो. नळीचे टोक त्यावर अडते आणि धार त्याच्या आड झाकली जाते. तिसरे उत्तर स्वस्तातले. एकच स्क्रू नळीच्या अंगावर टेकवायचा. दाब एकाच बिंदूवर येतो. कमी आवळला तर नळी सुटते, जास्त आवळला तर वळे दबते. कारागिराच्या हातावर फार काही सोडणारी रचना चांगली नव्हे, हा धडा इथे मिळतो.

पेटीकडची बाजू

तुकड्याचे दुसरे टोक पेटीच्या भोकातून आत जाते आणि त्यावर आतून चपटा नट बसतो. आपल्याकडे त्याला ‘चेकनट’ म्हणतात. हा नट हातात घेऊन पाहिला तर त्याच्या कडेला बाकदार दात दिसतात. ते कशासाठी?

पेटीला रंग असतो आणि रंग विद्युतरोधक असतो. गुळगुळीत नट कितीही आवळला तरी तो रंगावरच बसेल. दात रंग ओरबाडून खालच्या पत्र्यात रुततात. यामागचे भौतिकशास्त्र रॅग्नर होल्म या स्वीडिश शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नीट उलगडले. दोन धातूंचे पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले की डोळ्यांना ते पूर्ण टेकलेले दिसतात, पण प्रत्यक्षात ते काही थोड्या उंचवट्यांवरच टेकतात. सगळा प्रवाह त्या बिंदूंतून जातो. स्पर्शाचे खरे क्षेत्रफळ दाबावर आणि धातूच्या कठीणपणावर ठरते, दिसणाऱ्या क्षेत्रफळावर नाही. म्हणून रुंद पण सैल चकतीपेक्षा चार रुतलेले दात अधिक कामाचे.

नळी म्हणजे तार नव्हे

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. मोटारीतली तार सुटून तिच्या लोखंडी अंगाला लागली, तर प्रवाहाला जमिनीकडे परतण्याची सोपी वाट हवी. तरच मोठा प्रवाह वाहून फ्यूज वितळतो. ही वाट आपली लोखंडी नळी देईल, असे बराच काळ मानले जाई. ताठ नळीबाबत ते बरेचसे खरे होते. वाकत्या नळीचे काय?

हिशोब करून पाहू. आम्ही मुद्दाम सोपे आकडे घेतले आहेत. नळीचा सरासरी व्यास २२ मिलिमीटर, म्हणजे एका वळ्याची लांबी सुमारे ६९ मिलिमीटर. दर ५ मिलिमीटरला एक वळे धरले, तर १ मीटर नळीत २०० वळी. म्हणजे पट्टीची लांबी झाली १३.८ मीटर! पट्टीचा छेद १० गुणिले ०.३, म्हणजे ३ चौरस मिलिमीटर. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या १ मीटर पोलादी तारेचा रोध सुमारे ०.१५ ओहम असतो. तेव्हा प्रवाह पट्टीच्याच वाटेने गेला, तर १ मीटर नळीचा रोध ०.६९ ओहम. २० मिलिमीटर व्यासाच्या आणि १.६ मिलिमीटर जाडीच्या ताठ नळीचा रोध दर मीटरला जेमतेम ०.००१६ ओहम येतो. फरक चारशेपटींहून अधिक आहे.

आता अशी १० मीटर नळी घ्या आणि बाकीच्या वाटेचा रोध शून्य धरा. २३० व्होल्टला प्रवाह होईल सुमारे ३३ अँपिअर. मोटारीचा फ्यूज ३० अँपिअरचा असेल तर तो इतक्या प्रवाहाला लवकर वितळणार नाही. दरम्यान नळीत सुमारे ७.६ किलोवॅट उष्णता निर्माण होईल, म्हणजे दर मीटरला जवळजवळ एका शेगडीइतकी. आणि सगळे २३० व्होल्ट नळीच्या लांबीवर पडल्यामुळे दूरच्या टोकाची मोटार जमिनीच्या मानाने २३० व्होल्टवर राहील. तिला हात लावणाऱ्याचे काय होईल, ते सांगायला नको.

याच वाटेत एक सांधा सैल असून त्याचा रोध अर्धा ओहम असेल, तर प्रवाह ३१ अँपिअरवर येतो आणि त्या एका कड्यात सुमारे ४८० वॅट उष्णता निघते. २५ वॅटची डाखणी कथील वितळवते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो.

नव्या नळीत शेजारची वळी एकमेकांना टेकतात, त्यामुळे प्रत्यक्ष रोध आमच्या आकड्यापेक्षा कमी भरतो. पण गंज, तेल आणि हालचाल यांमुळे तो स्पर्श भरवशाचा राहत नाही. शिवाय गुंडाळीला प्रवर्तनाचाही अडथळा असतो.

हे शहाणपण हळूहळू आले. १९१३ साली अमेरिकन संहितेने कमी दाबाच्या वितरणात भूसंपर्कन सक्तीचे केले. त्याआधी भूसंपर्कन हितकर की घातक, यावरच वाद होते. पुढे वाकत्या नळीची सख्खी बहीण म्हणावी अशा आर्मर्ड केबलमध्ये १९५० च्या दशकाअखेर एक साधा उपाय आला. कवचाच्या आतून अ‍ॅल्युमिनिअमची बारीक पट्टी सरळ न्यायची. ती प्रत्येक वळ्याला टेकते आणि प्रवाहाला गोल गोल फिरावे लागत नाही. वाकत्या नळीवर भूसंपर्काची वाट म्हणून विसंबायचे तर अमेरिकन संहिता आज ती जास्तीत जास्त ६ फूट, परिपथ २० अँपिअरपर्यंतचा आणि जोड प्रमाणित, अशा अटी घालते. यंत्र हलते किंवा थरथरते म्हणून नळी वापरली असेल, तर वेगळी तार हवीच. ब्रिटिश नियम तर वाकत्या नळीला भूसंपर्काची वाट मानतच नाहीत. आपणही एवढेच लक्षात ठेवावे, की नळी असली तरी अर्थिंगची वेगळी तार हवी आणि ती दोन्ही टोकांना पक्की आवळलेली हवी.

तेल आणि पाणी

लेथ आणि मिलिंग यंत्रांवर कापताना तेल व पाण्याचे मिश्रण उडते. ते वळ्यांच्या फटींतून आत शिरून तारांचे आवरण खराब करते. म्हणून नळीवर प्लास्टिकचे सलग वेष्टण आले आणि सांधाही बदलला. त्यातले एक छोटे टोपण नळीच्या पोटात पिळले जाते व कापलेली कड आपल्या खोबणीत झाकून घेते. त्यावर दाबकडे आणि वरून मोठा नट. नट आवळला की कडे वेष्टणावर दाबले जाते आणि फट बंद होते. पेटीच्या बाजूला रबरी चकती असते. विट्झेनमान यांच्या रबरी दोऱ्याची आठवण होते.

वर्गासाठी

हा विषय वर्गात नेणे सोपे आहे. कागदाची लांब पट्टी पेन्सिलीवर मळसूत्रासारखी गुंडाळून नळी करावी. नळीची आणि उलगडलेल्या पट्टीची लांबी मुलांना मोजू द्यावी. वरचा हिशोब त्यांना आपोआप पटेल. हार्डवेअरच्या दुकानातून वाकत्या नळीचा तुकडा, जोड आणि चेकनट आणावा. मल्टिमीटरने जोड सैल असताना आणि आवळल्यावर रोध मोजावा. पत्रा रंगवलेला आणि खरवडलेला असा दोन्ही प्रकारे घ्यावा. विजेच्या जोडणीला मात्र हात लावू नये, सगळे प्रयोग सुट्या तुकड्यांवरच करावेत. आणि शाळेच्या पंपाच्या मोटारीवर असा सांधा असेल, तर नळी त्यातून निसटलेली नाही ना आणि अर्थिंगची वेगळी तार आहे ना, हे वीजतंत्रीकडून एकदा तपासून घ्यावे.